एरंगळच्या वाळूवर : छायाचित्र, तिथी आणि ओहोटी

आपल्याकडे समुद्रकिनारा म्हटला की चौपाटी आठवते, आणि चौपाटी म्हटली की गर्दी. भेळ, फुगे, घोडागाडी आणि रविवारची संध्याकाळ यांपलीकडे किनारा असतो, हे उपनगरात जन्म घालविलेल्या माझ्यासारख्यालाही फार उशिरा कळले. ते कळायला निमित्त झाले एका जपानी छायाचित्रकाराचे. ग्रंथालयात एक चित्रसंग्रह चाळत असता हिरोशी सुगिमोतो यांची समुद्राची छायाचित्रे पाहण्यात आली. १९४८ साली तोक्योत जन्मलेल्या या कलावंताने १९८० पासून जगभरच्या समुद्रांची छायाचित्रे एकाच पद्धतीने काढली आहेत. चौकटीच्या बरोबर मध्यावर क्षितिज, वर आकाश, खाली पाणी. होडी नाही, पक्षी नाही, माणूस नाही. ती चित्रे पाहून मी काही वेळ तसाच बसून राहिलो.

पुढे वाचनात आले की जपानमध्ये उन्हाळ्याच्या अखेरीस किनारे खरोखरच असे रिते होतात. ऑगस्टच्या मध्यावर त्यांचा ओबोन हा पितरांचा सण येतो. तो उलटला की पाण्यात जेलीफिश वाढतात, म्हणून पोहू नये, असे तेथील लोक मानतात. किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या झोपड्या उतरविल्या जातात, आणि कालपर्यंत गजबजलेली वाळू एकाएकी शांत होते. अशा वेळी कॅमेरा घेऊन एकट्याने वाळूवरून चालत जावे, ही कल्पना मनात घर करून राहिली.

जपान दूर, परंतु मालाड जवळ. आणि आपल्याकडेही श्रावण-भाद्रपदात किनारे ओस असतात. त्याच दिवसांत निळ्या फुग्यासारखे, लांब दोऱ्यांचे, झोंबणारे ‘ब्लू बॉटल’ जीव मुंबईच्या वाळूवर येऊन पडतात. तिकडे पितरांच्या सणानंतर, इकडे नारळी पौर्णिमेच्या आगेमागे. हे साम्य पाहून मी ठरविले की आपणही आपला एक किनारा निवडावयाचा आणि तेथे चालावयाचे. त्या चालण्यातून जे शिकलो, आणि त्याआधी जी मोठी चूक करून बसलो, ती येथे मांडत आहे. छायाचित्रणाचा छंद असलेल्या विद्यार्थिमित्रांना ती उपयोगी पडावी, आणि ज्यांना छंद नाही त्यांनाही पुरावा म्हणजे काय याचा थोडा विचार करावयास लावावी, एवढीच अपेक्षा.

जागा

मालाडहून मढकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्वे सोडल्यावर आक्सा आणि त्यापुढे एरंगळ लागते. आक्साचे नाव सर्वांना ठाऊक आहे, ते पुष्कळदा वाईट कारणाने. तेथे पावसाळ्यात बुडण्याचे प्रकार वारंवार घडतात. एरंगळ मात्र मागे राहिलेले गाव आहे. वाळूला लागून सेंट बोनाव्हेंचर यांचे पोर्तुगीजकालीन चर्च उभे आहे. ते १५७५ सालचे सांगतात. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तेथे मोठी जत्रा भरते. ईस्ट इंडियन कुटुंबे दूरदूरहून येतात. कोळी येतात, हिंदू येतात. वर्षातला तो एक दिवस सोडला तर किनारा गावाचा असतो.

माझी पहिली भेट त्या जत्रेच्याच दिवशी, ८ जानेवारी २०२३ रोजी झाली. मामांचा जुना फिल्मचा कॅमेरा, ५० मिलिमीटरचे भिंग आणि ३६ फोटोंचा एकच रोल एवढे भांडवल होते. रोल महाग, धुऊन घेणे त्याहून महाग. त्यामुळे प्रत्येक फोटोपूर्वी विचार करणे भाग पडे. दुपारी चारच्या सुमारास गर्दीपासून दूर जाऊन एका काळ्या खडकाशी उभे राहून मी समुद्राचा एक फोटो घेतला. सहज म्हणून खडकापासून पाण्यापर्यंतची पावलेही मोजली आणि वहीत टिपून ठेवली.

दुसरी भेट २४ ऑगस्ट २०२३ रोजी. श्रावणातली उघडीप होती. त्याच खडकाशी उभे राहिलो, तोच फोटो घेतला आणि पुन्हा पावले मोजली. जानेवारीपेक्षा ती चाळीस पावलांनी कमी भरली.

येथे माझ्या मनाने उडी घेतली. दोन्ही फोटो दुपारी चार ते पाचच्या दरम्यानचे. जागा एक, भिंग एक, उभे राहणारा एक. मग उत्तर एकच : समुद्र चाळीस पावले पुढे आला! हवामानबदल, चढते समुद्र, खचते किनारे यांविषयी आपण रोज वाचतो. माझ्या हाती त्याचा जणू छापील पुरावा आला होता. दोन्ही फोटो मोठे करून घेतले, खाली ‘हरवता किनारा’ असे शीर्षक लिहिले, आणि महाविद्यालयाच्या प्रदर्शनात ते लावावयाचे असे नक्की केले.

भूगोलाच्या सरांना मी ते मोठ्या अभिमानाने दाखविले. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि एकच प्रश्न विचारला : “तिथी कोणत्या?”

मला तिथी ठाऊक नव्हत्या. सर म्हणाले, “मग हे समुद्राचे फोटो नाहीत, घड्याळाचे आहेत. समुद्र घड्याळ बघत नाही.”

पाऊणपटीचा हिशेब

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी दिनदर्शिका काढली. आपल्या कोकणपट्टीत भरतीची वेळ काढण्याचा एक जुना, सोपा हिशेब आहे. तो माझ्या आजीला येत होता, मला येत नव्हता. तिथीच्या अंकाला तीनाने गुणावे व चाराने भागावे. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. शुद्ध पक्षाला आणि वद्य पक्षाला हिशेब एकच, आणि दिवसाला व रात्रीला वेळही साधारण एकच, कारण दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. कोळीवाड्यात तिला सुकती म्हणतात.

या हिशेबामागचे कारणही सोपे आहे. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते, आणि चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. आपल्या पूर्वजांनी ५० मिनिटांऐवजी पाऊण तास धरला, कारण पाऊणकी तोंडपाठ असे. त्यात थोडी चूक साचते. पंधराव्या तिथीला हिशेब सव्वाअकरा सांगतो, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास येते. परंतु होडी कधी लोटावी एवढे ठरविण्यास तो पुरेसा आहे. नेमकी वेळ हवी असल्यास भरती-ओहोटीची छापील कोष्टके मिळतात. तीच प्रमाण मानावीत.

आता माझे दोन फोटो पाहू. ८ जानेवारी २०२३ ही वद्य द्वितीया होती. भरती दीड वाजता; म्हणजे चार वाजता ओहोटीला अडीच तास झालेले आणि पाणी चांगलेच मागे गेलेले. २४ ऑगस्ट २०२३ ही श्रावण शुद्ध अष्टमी. भरती सहा वाजता. म्हणजे पाचच्या सुमारास पाणी जवळजवळ पूर्ण वर आलेले. घड्याळ एक, समुद्र दोन.

तरीही मनात शंका राहिली की भरती-ओहोटीने चाळीस पावलांचा फरक पडतो काय? सरांनी कागदावर एक त्रिकोण काढून दिला. समजा, किनाऱ्याचा उतार ५० फुटांना १ फूट, असा मंद आहे. मग पाणी एक मीटर चढले तर पाण्याची कड ५० मीटर आत येते. माझी चाळीस पावले म्हणजे साधारण ३० मीटर. त्यासाठी पाणी किती चढावयास हवे? फक्त ६० सेंटीमीटर.

आणि मुंबईला पाणी किती चढते? उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती व ओहोटी यांत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. गोव्याला हाच फरक दोन मीटरांच्या आसपास असतो. उत्तरेकडे खंबायतच्या आखाताच्या नरसाळ्यात शिरताना तो वाढत वाढत भावनगरला दहा मीटरांच्या घरात जातो. आपण या दोहोंच्या मध्ये आहोत. पावसाळ्यात वर्तमानपत्रे साडेचार मीटरांवरच्या भरतीचे दिवस छापतात, ते यासाठीच. अष्टमीच्या सुमारास मात्र सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, आणि भरती लहान व ओहोटीही लहान होते. तिला भांगाचे पाणी म्हणतात.

दर्यावर्दी लोकांचा आणखी एक ठोकताळा आहे. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक भाग चढतो. उधाणाचा चढ चार मीटर धरला तर मधल्या दोन तासांत पाणी तासाला एक मीटर चढते. याचा अर्थ, ६० सेंटीमीटर चढावयास त्याला ३६ मिनिटे पुरतात. माझा ‘हरवता किनारा’ अर्ध्या तासात हरवत होता, आणि पुढच्या ओहोटीला परत मिळत होता!

मी ते शीर्षक खोडले. फोटो प्रदर्शनात लावले नाहीत. लाज वाटली, हे खरे. परंतु लाजेपेक्षा एक भीती अधिक वाटली. सरांनी तो प्रश्न विचारला नसता तर मी ते लावले असते, लोकांनी वाहवा केली असती, आणि एका खऱ्या संकटाची खोटी साक्ष मी दिली असती. संकट खरे आहे म्हणून साक्ष कशीही चालते, असे नाही. उलट, खऱ्या खटल्यात खोटा साक्षीदार उभा राहिला तर खटलाच पडतो.

पुन्हा पहिल्यापासून

मग ठरविले की पौर्णिमेलाच जावयाचे. पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती आणि संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी. सूर्य खाली उतरत असतो त्याच वेळी वाळू सर्वांत रुंद उघडी असते. अष्टमीला नेमके उलट घडते : ओहोटी भर दुपारी, आणि सूर्यास्ताला पाणी पायाशी. तिरपा उजेड आणि मोकळी वाळू यांची गाठ पंधरवड्यातून तीनचार संध्याकाळीच पडते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने याहून उपयुक्त गोष्ट मला पंचांगात दुसरी सापडलेली नाही.

तिरपा उजेड का हवा, हे वाळूकडे पाहिल्यावर कळते. ओहोटीने मागे टाकलेल्या वाळूवर बोटाएवढ्या उंचीच्या वळ्या असतात. दुपारच्या उन्हात त्या दिसतच नाहीत. सूर्य कलला की प्रत्येक वळीची एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते, आणि सपाट वाटणारी जमीन लुगड्याच्या काठासारखी भरून येते. याच वेळी लहान खेकडे बिळांतून बाहेर येऊन वाळू चघळतात, त्यातले खाद्य काढून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोवती रचतात. कधी चांदणीसारखी, कधी पंख्यासारखी ही रांगोळी पुढची भरती येईपर्यंतच टिकते. ती दिवसातून दोनदा पुसली जाते आणि दोनदा पुन्हा काढली जाते.

नवशिक्यांसाठी दोन सूचना. ओली वाळू आरशासारखी चमकते. कॅमेऱ्याचा उजेडमापक त्याने फसतो आणि फोटो काळा येतो. म्हणून मापक सांगेल त्यापेक्षा एक घर उजेड अधिक द्यावा. दुसरे असे की खारी, दमट हवा भिंगाची वैरी आहे. पावसाळ्यात कॅमेरा बंद कपाटात ठेवला तर भिंगावर बुरशीची जाळी धरते. घरी आल्यावर तो कोरड्या मऊ फडक्याने पुसावा आणि सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवावा. याशिवाय तिसरी सूचना कॅमेऱ्याची नसून जिवाची आहे. या दिवसांत पाण्यात उतरू नये, खडकांच्या टोकाला जाऊ नये, आणि भरती फिरली की फोटो अपुरा असला तरी मागे फिरावे.

अशा रीतीने ३० ऑगस्ट २०२३ ची नारळी पौर्णिमा आणि २९ सप्टेंबर २०२३ ची भाद्रपदी पौर्णिमा. पुढच्या वर्षी १९ ऑगस्ट आणि १८ सप्टेंबर २०२४, अशा चार मुख्य नोंदी झाल्या. मधल्या फेऱ्या वेगळ्या. प्रत्येक वेळी तोच काळा खडक, छातीएवढी उंची, तेच भिंग आणि होकायंत्राने पाहिलेली तीच दिशा. वहीत तारीख, तिथी, वेळ, पावले, वारा, आणि खडक वाळूतून किती वर दिसतो, हे सर्व लिहिले.

येथे एक नवीनच गुंता लक्षात आला. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टपर्यंत लांबली. २०२४ साली ती ११ दिवस आधी आली. तिथी एक असल्याने समुद्र जुळला, पण सूर्य जुळला नाही. सूर्य बरोबर पश्चिमेस मावळतो तो २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास. त्यामुळे २०२४ च्या भाद्रपदी पौर्णिमेला तो पश्चिमेच्या किंचित उत्तरेस मावळला, तर २०२३ च्या त्याच पौर्णिमेला किंचित दक्षिणेस. जूनपासून डिसेंबरपर्यंत मुंबईच्या क्षितिजावर सूर्यास्ताची जागा सुमारे ५० अंशांनी सरकते, आणि भाद्रपदात ती सर्वांत जलद सरकते. तात्पर्य, पाण्यासाठी तिथी पाहावी आणि उजेडासाठी तारीख. वहीत दोन्ही हव्यात.

एकाच जागेचे पुन्हा पुन्हा चित्र घेणे हे नवीन नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ कॅमेऱ्याने टप्प्याटप्प्याने टिपली होती. रोज पाहणाऱ्याला जी वाढ दिसत नाही, ती त्या पट्टीत दिसली. त्याआधीही, १८५४ साली मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक त्या नव्या विद्येत पुढे होते. कॅमेरा म्हणजे नुसते शोभेचे यंत्र नव्हे, नोंदीचे यंत्र आहे, ही समज या शहराला जुनी आहे.

रिकामी जागा कोणाची?

पहिल्या भाद्रपदी पौर्णिमेला मला सुगिमोतोसारखे चित्र हवे होते : अर्धे आकाश, अर्धे पाणी. परंतु भाद्रपदी पौर्णिमा म्हणजे अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. वाळूवर निर्माल्य, भिजलेल्या माळा, प्लास्टरचे तुकडे, थर्माकोल आणि पिशव्या यांचा पट्टा लांबवर पसरलेला होता. मी तो चौकटीबाहेर ठेवण्याची खटपट करीत होतो. डावीकडे सरकलो तर होडी येई. उजवीकडे सरकलो तर वाळत घातलेला जवळा. शेवटी होडीजवळ बसलेल्या एका वृद्ध आजींनी विचारले, “पोरा, काय शोधतंस?”

“मोकळी जागा, आजी. काहीच नसलेला किनारा.”

त्या हसल्या. “हिकडं काय मोकळं हाय? ही होरी हाय, तो जवला हाय. हे आमचं आंगन हाय.”

मी ओशाळलो. त्यांची परवानगी मागून होडीचा एक फोटो घेतला. महिन्याने त्याची प्रत द्यावयास गेलो, तेव्हा माझ्याजवळ नारळी पौर्णिमेच्या आणि अष्टमीच्या फोटोंच्या प्रतीही होत्या. आजींनी त्या पदराने पुसून, उन्हात धरून पाहिल्या. रचना, छायाप्रकाश यांबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही पुनवेची सुकती.” दुसऱ्यावर ठेवून, “आन् ह्यो भांग.”

मागे तारीख लिहिलेली नव्हती. पाण्याची कड आणि ओल्या वाळूची रुंदी पाहून त्यांनी ते ओळखले होते. जे समजण्यासाठी मला सर, दिनदर्शिका आणि त्रिकोण लागला, ते त्यांना एका नजरेत दिसले. ऑगस्टमध्ये त्यांनाच प्रथम विचारले असते तर माझी सगळी फजिती वाचली असती. परंतु त्या वेळी मला त्या किनाऱ्यावर माणूसच दिसत नव्हता.

येथे मला दुसऱ्या एका जपानी छायाचित्रकाराची आठवण होते. शोजी उएदा (१९१३-२०००) यांनी आपल्या तोत्तोरी प्रांतातल्या वाळूच्या टेकड्यांवर आयुष्यभर काम केले. वाळू आणि आकाश त्यांच्याही चित्रांत रिते असते. पण त्या रितेपणात ते आपल्या घरची माणसे, बायको, मुले उभी करतात. सुगिमोतोंचा समुद्र कोणाचाच नाही. उएदांची वाळू मात्र त्यांच्या घरची वाटते. दोन्ही मार्ग थोर आहेत. परंतु एरंगळला पहिला मार्ग धरावयाचा तर मला तिथल्या माणसांना चौकटीबाहेर ढकलावे लागले असते, आणि त्यांच्याबरोबर आमच्याच घरांतून वाहून आलेला कचराही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत होड्या वर ओढलेल्या असतात. पर्यटकाला तो किनारा ‘शांत’ वाटतो. होडीच्या मालकाला ते उत्पन्नाविना गेलेले दोन महिने असतात.

म्हणून पुढच्या वर्षी, १८ सप्टेंबर २०२४ रोजी, मी चौकट बदलली नाही. खडकावरून जे दिसेल ते सर्व येऊ दिले : निर्माल्याचा पट्टा, होडी, जवळा, आणि कडेला आजींची पाठ. २०१५ साली वेसाव्याच्या किनाऱ्यावर स्वच्छतेची मोहीम सुरू झाली आणि २०१८ च्या मार्चमध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. वाळूवरचा कचरा हटला याची साक्ष पुढे कोणाला द्यावयाची असेल, तर आधी तो होता याचेही चित्र कोठेतरी हवेच.

मग किनारा हरवतो आहे की नाही?

हा प्रश्न मला मित्रांनी अनेकदा विचारला. चार पौर्णिमांच्या नोंदींवरून जे खात्रीने म्हणता येते तेवढेच सांगतो. पावसाळ्याच्या अखेरीस काळा खडक माझ्या कमरेपर्यंत उघडा असतो. फाल्गुनात तो गुडघ्याएवढाच दिसतो. पावसाळी लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून समुद्रात जवळच नेऊन टाकतात, आणि थंडी-उन्हाळ्याच्या मंद लाटा ती हळूहळू परत आणून घालतात. हा समुद्राचा वार्षिक घेण्यादेण्याचा व्यवहार आहे. ऑगस्टमध्ये खाते पाहून दिवाळे निघाले म्हणणे, किंवा मार्चमध्ये पाहून श्रीमंती आली म्हणणे, दोन्ही चूक.

हा व्यवहार वजा करून जे उरते, तेच खरे नफा-नुकसान. आणि ते दोन वर्षांत दिसत नाही. अपोलो बंदर येथील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासून आहेत. मुंबईचा समुद्र चढतो आहे हे आज शास्त्रज्ञ खात्रीने सांगू शकतात, ते पिढ्यान्पिढ्या कोणीतरी रोज तो आकडा लिहून ठेवला म्हणून. त्यांपैकी पहिल्या कारकुनाला आपल्या आकड्यांचा अर्थ लागण्याची शक्यता नव्हती. तरी त्याने ते लिहिले.

माझ्याकडे एक खडक, एक वही आणि चार पौर्णिमा आहेत. याच्यावर ‘हरवता किनारा’ असे शीर्षक देता येत नाही, आणि ‘सुरक्षित किनारा’ असेही देता येत नाही. शीर्षकाची जागा मी कोरी ठेवली आहे.

हे माझे शेवटचे वर्ष. पुढच्या भाद्रपदात मी कोठे असेन हे सांगता येत नाही. म्हणून वही, फोटोंच्या प्रती आणि खडकाकडे जाण्याचा नकाशा मी भूगोल विभागाच्या कपाटात ठेवला आहे. नकाशावर उभे राहण्याची जागा, उंची आणि दिशा लिहिली आहे. ज्यांच्याजवळ कॅमेरा नसेल त्यांनी मोबाइल न्यावा. नुसती पावले मोजून आणली तरी चालेल. पौर्णिमा पाहून निघावे, पाच वाजेपर्यंत पोहोचावे. आणि होडीजवळ आजी बसलेल्या असतील तर आधी त्यांना विचारावे. त्यांची एक प्रत द्यावयाची अजून राहिली आहे, ती वहीतच ठेवली आहे.